वेर्दिये-काळा

साखरेचा चौकोनी खडा… बशीच्या कडेला, अजून कॉफीत न पडलेला… इतका पांढरा, की पांढऱ्याच्याही पलीकडे जाऊन किंचित निळसर. आन्सेल्म वेर्दियेने उजवा डोळा मिटला. खडा लगेच नेहमीसारखा झाला, जुन्या पियानोच्या पट्टीच्या रंगाचा. डावा मिटून उजवा उघडला, तर पुन्हा निळसर. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता, पट्टी आज सकाळी सुटली होती. डाव्याची पाळी अजून यायची होती. म्हणजे इतकी वर्षं आपण पिवळी साखर खात होतो, आणि आपल्याला पत्ता नाही.

"डोळे कुणाला मिचकावतोयस?" ओदील म्हणाली. "इतकी वर्षं संसार केल्यावर आता सुचतंय होय?"

तो हसला. बायकोच्या केसांत अजून थोडं सोनं उरलंय असं तो धरून चालला होता. ते पांढरेशुभ्र होते, बहुधा केव्हाचेच.

इथेच थांबायला हवं होतं. साखर, केस… म्हाताऱ्या माणसाच्या गमती, संध्याकाळी कुणाला तरी सांगायच्या. पण पाय त्याला विचारून कधीच चालले नव्हते; ते त्याला कपाटापाशी घेऊन गेले. प्रकाशक म्हणून त्याने काढलेली सगळी फोटोंची पुस्तकं तिथे होती. पहिलं मावशीच्या सुया-बटणांच्या दुकानामागच्या खोलीत जन्माला आलेलं, ताव त्याने स्वतःच्या हातांनी दुमडलेले. तेव्हापासूनची त्याची तीच रीत – फोटो जमिनीवर पसरायचे, मोजे घालून त्यांच्यामधून चालायचं, आणि क्षणात सांगून टाकायचं, हा राहील, हा जाईल. छायाचित्रकार भांडत, रडत, दार आपटून जात, आणि पुढचे फोटो घेऊन पुन्हा त्याच्याकडेच येत. कारण हा माणूस चुकत नाही, असं पॅरिसमध्ये सगळे म्हणत. त्यालाही ते खरं वाटत आलं होतं.

जुनी पुस्तकं उजव्या डोळ्याने पाहिली. ओल्या मातीसारखा उबदार काळा, जसा आठवत होता तसाच. मग अलीकडची काढली… आणि तो तसाच उभा राहिला. पानं गार पडली होती. भट्टीपाशी उभ्या पाववाल्यांचे हात बर्फातून काढल्यासारखे निळे. उजवा मिटून डावा उघडला की हात पुन्हा जिवंत. आजारी डोळ्यांना सगळंच पिवळट दिसत होतं, म्हणून तो छापखान्यात ओरडत राहिला होता – तपकिरी झाक काढा, अजून काढा – आणि त्यांनी बिचाऱ्यांनी काढली होती.

समीक्षकांनी लिहिलं, वेर्दियेची नजर आता कठोर झाली, तिने दया टाकून दिली. त्यालाही ते आवडलं. ऊब ही फसवणूक आहे, असं त्याने भाषणांत सांगितलं. (सांगितलं? टाळ्या घेतल्या!) आता लिस्बनपासून वॉर्सापर्यंत तरुण प्रकाशक छापखान्यात जाऊन 'वेर्दिये-काळा' मागत होते. एका मोतीबिंदूची एवढी पोरं. त्याला लाज वाटली, वर्गात चड्डी फाटावी तशी साधी, शाळकरी लाज.

आणि टेबलावर तांगीच्या फोटोंचे, मंजुरीसाठी आलेले नमुना-ताव पडले होते. ब्रिटनीतली मिठागरं. छायाचित्रकारांपैकी तांगी त्याचा सगळ्यात जुना मित्र, आणि हे आपलं शेवटचं पुस्तक, असं तांगीने स्वतःच जाहीर केलं होतं. वेर्दियेची सही झाली की छपाई सुरू. मशीन सकाळपासून खोळंबलं होतं. ऊब परत आणा म्हणावं, तर कपाटातली एवढी पुस्तकं खोटी ठरणार. आणि सही करावी, तर आता जाणूनबुजून…

त्याने तांगीला फोन लावला.

"मागच्या पुस्तकातला काळा तुला कसा वाटला होता रे?"

"आज काय एकदम? मरायला टेकलायस की काय?"

"सांग ना."

"पहिल्यांदा बघितलं तेव्हा शिव्या घातल्या तुला. बायकोला म्हटलं, ह्यानं माझी माणसं फ्रीजमध्ये ठेवलीत."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला? तुला कोण बोलणार लेका! मग बघत राहिलो रोज. वाटलं, हाच बरोबर बघतोय, मीच उगाच माणसांचे लाड करत होतो. तेव्हापासून प्रिंटही तसेच काढतो मी. मिठागरावर पहाटेच जातो, ऊन चढायच्या आत."

"तांगी… तो मोतीबिंदू होता."



"असेल," तांगी म्हणाला. "पण म्हाताऱ्या, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आता कोण करणार?"

फोन ठेवल्यावर त्याने वरचा ताव जवळ ओढला. मीठ ओढणारी एक बाई, वाकलेली. उजव्या डोळ्याला ती गार दिसली, आणि ते बरोबर होतं. पहाट गारच होती, तांगीने ती तशीच पकडली होती. डाव्या डोळ्याला ती उबदार दिसली, मावशीच्या दुकानामागे छापलेल्या बायांसारखी, आणि ते साफ खोटं होतं, आणि त्याला फार हवंसं वाटलं. मग सही करायला हरकत काय? काहीच नाही. पण हे बरोबर आहे असं म्हणणारा डोळा माझा, आणि ज्याने ही बाई पहाटेच्या गारठ्यात उभी केली तो डोळाही माझाच… आणि तांगीचा स्वतःचा? तो कुठे गेला? हा राहील, हा जाईल, म्हणत मी नक्की काय काय जायला लावलं?

"छापखान्याचा फोन आहे," ओदील दारातून म्हणाली. "मशीन थांबलंय म्हणतात. काय सांगू?"

तिचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची त्याची सवय. तिने वाट पाहिली. "आन्सेल्म?"

तो त्या वाकलेल्या बाईकडे पाहत होता, दोन्ही डोळे उघडे ठेवून. ती धड गार नव्हती, धड उबदार नव्हती, जरा हलत होती. तिच्याबद्दल काहीही ठरवावंसं त्याला वाटत नव्हतं, नुसतं बघत बसावंसं वाटत होतं. आणि हे आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय हे लक्षात येऊन त्याला भीती वाटली.