त्यांना काय कळणार

रेवतीने आईच्या दाराला नवी घंटा बसवली, तीही आईला न विचारता. यजमान गुणवंतराव गेल्यापासून सुनंदाबाई दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहायच्या आणि लेक गाझियाबादला. ह्या घंटेत कॅमेरा होता. दारात कोण आलंय ते रेवतीला ऑफिसात बसल्याबसल्या दिसणार होतं. सुनंदाबाईंना ते काही फारसं रुचलं नव्हतं, पण लेकीचा जीव तुटतो म्हणून त्या गप्प बसल्या.

रेवती मोबाइलवर घंटेचं सेटिंग बघत होती. एकाएकी म्हणाली, "अच्छा, हे बघ आई. ही घंटा आपलं थोडं इंटरनेट शेजाऱ्यांच्या मशीन्सना पण देते. त्यांचं नेट गेलं तर त्या आपल्यावरून चालणार."

"कुणी सांगितलं द्यायला?"

"कुणी नाही. ते आधीपासून चालूच येतं. नको असेल तर आपण बंद करायचं."

"म्हणजे मला कुणी विचारलंच नाही."

"अगं यार, थोडंसं नेट तर जातं. आपलं बोलणंबिलणं नाही जात. त्यांना काय कळणार?"

सुनंदाबाईंचा मटार सोलणारा हात थांबला. हे शब्द त्यांनी ह्याच खोलीत ऐकले होते, आणि पुढे कितीदा तरी स्वतःच्या तोंडाने म्हटले होते.

तेव्हा मयूर विहार नवं नवं होतं. यमुनेच्या पलीकडचं म्हणून जुने दिल्लीकर नाक मुरडायचे. सोसायटीच्या जिन्यात ओल्या सिमेंटचा वास असायचा आणि गॅलरीत उभं राहिलं की नुसती रेती नि मोकळं आभाळ. मंत्रालयांतले नोकरदार चारी दिशांनी येऊन तिथे भरले होते. देशाची दारं उघडली असं पेपरात रोज यायचं. सुनंदाच्या लेखी ती उघडली ती टेलिफोन आला त्या दिवशी. वर्षानुवर्षं वाट पाहायला लावून लाल रंगाचा तो फोन एकदाचा घरी आला. तिने त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणून ठेवलेलाच होता.

गुणवंतरावांनी मजल्यावर पेढे वाटले. पेढ्यांबरोबर अर्धा फोनही वाटून आले. शेजारच्या सभरवाल आंटी विधवा, एकुलता मुलगा जहाजावर नोकरीला. त्याचा फोन यायचा तर बिचारीने बाजारातल्या फोन-बूथवर जाऊन बसायचं का? संध्याकाळपर्यंत ह्या गॅलरीतून त्या गॅलरीत वायर गेली आणि आंटींच्या घरीही एक फोन बसला. पॅरलल म्हणायचे त्याला. लाइन एकच, इकडे कुणी बोलत असताना तिकडे कुणी उचलला, तर सगळं स्वच्छ ऐकू जायचं.

"मला विचारायचं तरी होतंत!" सुनंदा तडकली होती.

"अगं, तू नाही म्हणणार होतीस का?"

"नव्हते म्हणणार. पण विचारायचं होतं."

"आणि आपण बोलतो मराठीत. त्यांना काय कळणार?"

दिल्लीतल्या मराठी माणसाला हा एक भलताच दिमाख असतो. बसमध्ये शेजारच्याच्या टकलावर, दुकानात दुकानदाराने सांगितलेल्या भावावर, त्याच्या तोंडासमोर खुशाल मराठीत बोलायचं. जणू आपली भाषा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट. सुनंदाही तशीच सोकावली. रविवारी सकाळी सांगलीहून धाकट्या बहिणीचा, गिरिजाचा फोन यायचा. मध्येच खट्ट आवाज झाला की गिरिजा बिचकायची. "ताई, कुणी उचलला का गं?" सुनंदा हसून म्हणायची, "बोल गं तू. त्यांना काय कळणार!"

काय सुखाचे होते ते रविवार! सासरची उणीदुणी, रेवतीचा हट्ट, हसून हसून पोट दुखायचं. आठवडाभर हिंदीत अवघडलेली जीभ तेवढ्या वेळात मोकळी व्हायची.

अशाच एका रविवारी सुनंदा फोनवर रडली. "गिरे, मला नाही करमत इथे. रेवतीला घेऊन मी वर्षभर सांगलीला येते. ह्यांना अजून सांगितलं नाही, तूही बोलू नकोस."

दोनच दिवसांनी गुणवंतराव ऑफिसातून आले ते तोंड पाडून. "तू निघालीस म्हणे मला सोडून?"

कुणी सांगितलं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. शब्द दिलाय म्हणाले. सुनंदा गेली नाही. त्यांचा तो चेहरा पाहून तिचा पाय निघाला नाही. पण गोष्ट माहीत होती ती एकट्या गिरिजाला. गिरिजाने देवाची शपथ घेतली, रडली, तरी सुनंदाचं मन विटलं ते विटलंच. फोन येतच राहिले. तब्येत कशी आहे, ऊन फार आहे का, रेवतीचा अभ्यास कसा चाललाय. सख्ख्या बहिणी परक्यासारख्या बोलत राहिल्या आणि केस पांढरे झाले.

"आई, कुठे हरवलीस?" रेवतीने विचारलं.

"सभरवाल आंटींना फोन लाव जरा. त्यांना ही गंमत सांगू या."

आंटी आता द्वारकेला मुलाकडे होत्या, ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज तसाच ठणठणीत. सुनंदाबाईंनी घंटेची हकीकत सांगितली. "बिल्कुल हमारे पॅरलल जैसा है, आंटी!"

पलीकडे आंटी खळखळून हसल्या. मग अगदी सुनंदाचाच हेल काढून म्हणाल्या, "बोल गं तू. त्यांना काय कळणार!"

सुनंदाबाईंनी मटारांचं ताट बाजूला सारलं.

"आंटी, आपको मराठी आती है?"

"तुमसे ही तो सीखी. घर में कोई बोलनेवाला था नहीं. इतवार को तुम दोनों बहनें हँसती थीं, तो मैं भी फोन उठा के बैठ जाती थी. पहले कुछ समझ नहीं आता था, फिर आने लगा." आंटींचा आवाज खाली आला. "उस दिन तू रोई, तो मैं डर गई. तू चली जाती तो मेरा कौन था? मैंने भाईसाब को बता दिया. कसम दी थी, मेरा नाम मत लेना. गिरिजा कैसी है?"

सुनंदाबाईंनी फोन ठेवला. संताप संताप झाला होता, आणि भिंतीपलीकडे फोन कानाला लावून एकटीच हसणारी ती बाई डोळ्यांपुढून हलेना. ऐकू का, असं आंटींनी एकदा विचारलं असतं, तर सुनंदाने हाताला धरून घरात आणून बसवलं असतं त्यांना. पण विचारलं कुणीच नाही, आणि त्याची शिक्षा भोगली गिरिजाने.

"आधी ते नेट वाटणं बंद कर," त्या रेवतीला म्हणाल्या. "शेजारच्यांना लागलं तर मी स्वतः जाऊन देईन. आता गिरिजामावशीला फोन लाव."

रेवतीने नंबर लावून मोबाइल आईच्या हातात दिला. आईचा चेहरा बघून ती दाराशी थांबली. "आई, मी बाहेर जाऊ का?"

"जा. दार ओढून घे."

"हं ताई," पलीकडून गिरिजाचा आवाज आला, नेहमीचा, जपून बोलणारा. "तब्येत बरी ना? थंडी पडली का तिकडे?"

"गिरे, ती तू नव्हतीस. आंटींनी सांगितलं होतं ह्यांना. त्यांना मराठी येत होती गं, सगळं कळत होतं. आज कळलं मला."

पलीकडून हुंदका आला, पाठोपाठ नाक ओढल्याचा आवाज.

"ताई," गिरिजाने विचारलं, "आता बोलू का मी?"