पेशीची बडदास्त

"हलू नका हं, सिरिंजबाई! पेशी निसटेल," सर म्हणाले, आणि उठू पाहणारी सिरिंजबाई पुन्हा स्टुलावर टेकली.

बेशुद्ध उंदराच्या मूत्राशयात थेंबाथेंबाने सलाइन सोडणं हे तिचं काम. उंदराच्या मेंदूच्या देठात केसाहून बारीक तार रुतवलेली, तिचं दुसरं टोक स्पीकरला जोडलेलं. मूत्राशय भरत आलं की तिथल्या एका पेशीला खबर लागते आणि ती स्पीकरमधून तडतडते. जरा धक्का लागला की तार सरकते, पेशी हातची जाते. म्हणून प्रयोगशाळेच्या त्या खोलीत सगळ्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा. सरांचं तोंड तेवढं अखंड चालू. तोंडाने काही हादरत नाही, असं त्यांचं शास्त्र.

बाळंतपणापासून तिला लघवीला दम धरवत नसे. सुरुवातीलाच तिने विचारलं होतं, "सर, जरा जाऊन येऊ?"

"आत्ता? पाहुण्यांसमोर? शाळेतली पोरं बरी तुमच्यापेक्षा!"

पाहुणे म्हणजे बडं प्रस्थ. तिच्या नोकरीची मुदत त्यांच्याच सहीने वाढायची होती. म्हणून ती दात आवळून, गुडघ्याला गुडघा लावून थेंब सोडत राहिली.

स्पीकर तडतडू लागला.

"ऐका, ऐका!" सरांचा गळा भरून आला. "एवढासा जीव, पण खालून निरोप आला की वरचा कशी लगेच दखल घेतो!"

"वा! काय संवेदनशीलता!" पाहुणे म्हणाले.

तिला हसू फुटलं. दोन शिकलेसवरलेले बाप्ये उंदराच्या लघवीपुढे माना डोलावत बसले होते! त्या हसण्यानेच घात केला.

स्टुलाखाली ओल पसरली. सरांनी पाहिलं.

"सलाइन सांडलं वाटतं?" ते म्हणाले आणि तिच्याकडे बघून डोळे वटारले. हो म्हण, एवढाच त्यांचा अर्थ.

हो म्हटलं असतं तर सहीही झाली असती.

"नाही, सर. माझं आहे."

ओघळ सरांच्या बुटांकडे निघाला. सर खुर्चीसकट मागे उडाले, टेबलाला गुडघा आदळला आणि स्पीकर मुका झाला.

"गेली ना पेशी!" सर केविलवाणे ओरडले. पाहुणे छत न्याहाळू लागले.

ती सावकाश उठली. सिरिंज जागेवर ठेवली. उंदराच्या अंगावरचं फडकं नीट केलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मग खुंटीवरचा सरांचा पांढरा कोट काढून कमरेला गुंडाळला, बाह्यांची घट्ट गाठ मारली आणि घरी निघाली. बाळाला पाजायची वेळ झाली होती.