वरच्या कप्प्याचा गोंधळ

पेसमेकर तपासणाऱ्या मुलीने थोरलीच्या छातीवरच्या उंचवट्यावर चकती ठेवली आणि यंत्राच्या पडद्याकडे बघत विचारलं, "मावशी, मध्यंतरी धडधडलं, चक्कर आली, असं काही?"

"छे. मी आपली पडदे शिवत होते."

सासरी दोन सुना, त्यांतली ही थोरली. सासू-सासरे गेले, दोघींचे नवरेही गेले, आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.

"हृदयाच्या वरच्या कप्प्यात अधूनमधून गोंधळ होतोय," मुलगी म्हणाली. "ठोके भलत्याच वेगाने, वेडेवाकडे पडतात. एरवी पेसमेकर वरच्या कप्प्याचं ऐकून खालच्याला चालवतो. पण वरचा असा सुटला, की हा ते ओळखतो, त्याच्या नादी लागत नाही आणि खालच्याला आपला संथ ठोका देत राहतो. वरचा ताळ्यावर आला, की पुन्हा त्याचं ऐकायला लागतो."

"शहाणा आहे की."

"शहाणा आहे, पण वरचा गोंधळ हा थांबवू शकत नाही. त्या गोंधळात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. रक्त पातळ ठेवायची गोळी द्यायची का, ते डॉक्टर सांगतील. पण तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर घरच्यांनी लगेच इथे आणायचं. घरी कोण असतं?"

"धाकटी जाऊ," थोरली म्हणून गेली, आणि स्वतःच चपापली.

धाकटी त्याच इमारतीत दोन मजले वर राहायची. दोघींचं भांडण असं झालंच नव्हतं. भावाभावांमुळे जाणं-येणं होतं. भाऊ गेले आणि बोलणं आटलं. जिन्यात भेटल्या तर एकमेकींना वाट द्यायच्या, इतकंच.

डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन ती घरी आली. शिलाई मशीनवर अर्धा पडदा तसाच पडला होता. आपलं बोलणं ठीक आहे का बघावं म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "अस्तर, दोरा, बॉबिन." आवाज घोगरा निघाला. कधीकधी दोन-दोन दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे. जीभ जड झाली तर कळणार कुणाला? मशीनला?

तिने कुलूप लावलं आणि कठड्याला धरत ती दोन मजले चढून गेली.

धाकटीने दार अर्धवट उघडलं. "ताई? काय झालं?"

"काही नाही. रोज सकाळी मला एक फोन करशील? माझं बोलणं नीट येतंय का, एवढंच ऐकायचं."

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. "करीन. पण तुमचं बोलणं मला आधी तरी कुठे नीट कळायचं?"

थोरलीला हसू आलं. पण धाकटीने आत या म्हटलं नाही आणि थोरलीही थांबली नाही.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला.

"बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

थोरलीने पडद्याच्या चुण्या कशा घालतात ते सांगितलं.

"नीट आहे," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

खोली पुन्हा गप्प झाली. थोरलीने सुईत दोरा ओवला, पण मशीन सुरू केलं नाही. तिने परत फोन लावला.

"काय हो ताई, काही होतंय का?"

"नाही गं. तुझं कोण ऐकतं?"

थोरली फोन कानाला लावून थांबली.

"गुडघा दुखतोय," धाकटी शेवटी म्हणाली. "पावसाळ्यापासून."

"कुठला?" थोरलीने विचारलं आणि खुर्ची ओढून बसली.