वरच्या पायरीचं उपरणं

शरयूला वडिलांचं उपरणं हवं होतं. बाकी काही नको. घर आईचं, भांडीकुंडी आईची, आणि पुस्तकं तर शरयूनंच आणून टाकलेली; बाबांनी त्यांतलं एक उघडलं असेल तर शपथ. पण ते लाल काठाचं पांढरं उपरणं त्यांचं एकट्याचं होतं. जुन्या जालन्यातल्या मित्रबंधू सभेत वरच्या पायरीवर चढलेल्या माणसालाच ते मिळे, आणि माणूस गेला की तेरावं उरकल्यावर सभेचे लोक येऊन परत नेत. खालच्या पायरीवर कुणीही बसावं. वरच्या पायरीवर काय चालतं ते मात्र बायकोलासुद्धा सांगायचं नाही. बाबा, म्हणजे मार्तंडराव, कोर्टातले कारकून, अशा बाबतीत पक्के. दर पौर्णिमेला उपरणं पिशवीत घालून जायचे आणि गप्प परत यायचे. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते गेले, तेही तसेच, काही न सांगता.

शरयू औरंगाबादच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, त्यामुळे ठाऊक नसलेल्या गोष्टींबद्दल तिची मतं ठाम असत. जगभरच्या गुप्त मंडळ्यांविषयी तिनं वाचलं होतं. उपरण्यावरचे पिवळे, तपकिरी डाग खिडकीपाशी धरून पाहिले आणि हळद, तेल, बहुधा दीक्षाविधी, असं ठरवून टाकलं. मग उपरणं मागण्यासाठी एक भाषण तयार केलं: परंपरेचा वारसा मुलीकडे का जाऊ नये? ते इतकं चांगलं जमलं की तिनं आईला ऐकवलं.

"छान आहे," आई म्हणाली. "फक्त, सभेच्या अप्पारावांना ऐकू येत नाही."

इतकी मोठी मागणी करायची तर वस्तू मळकी बरी दिसणार नाही, म्हणून शरयूनं उपरणं धुतलं. नुसतं धुतलं नाही. सोड्यात भिजवलं, घासलं, नीळ दिली, खळ दिली, इस्त्री फिरवली. दुःखात हाताला काम द्यावं, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

तेरावं झालं आणि अप्पाराव व श्रीपती आले. सभेतले सगळ्यात जुने हे दोघेच. अप्पारावांनी घडी उलगडली, डोळ्यांपाशी नेली, पालथी करून पाहिली.

"श्रीपती, हे आपलं न्हाई."

"आपलंच हाय. काठ बघा की." श्रीपतींनी काठावर बोट ठेवलं.

"मंग डाग कुठं गेले?"

"मी धुतलं," शरयू म्हणाली. मग त्यांच्या कानाशी जाऊन, "धुतलं, काका!"

श्रीपतींनी कपाळाला हात लावला. "पोरी, हे धुवत नसतेत. आमच्यात वर चढला की माणसाचं पंगतीत बसणं बंद. कमरेला हे बांधून वाढायचं, उष्टी काढायची, समद्यांच्या मागून उभ्यानं जेवायचं. डाग म्हंजी त्याचा मान. कढी वाढावी तर मार्तंडभाऊनं."

"कोण, हे?" आई दारातूनच म्हणाली. या घरात मार्तंडरावांनी स्वतःच्या हातानं पाण्याचा पेलासुद्धा भरून घेतला नव्हता.

"म्हणून तर कुणाला सांगायचं न्हाई, वहिनी," श्रीपती हळूच म्हणाले. "घरी कळलं असतं तर घरी बी वाढावं लागलं असतं."

आई पदर तोंडाला लावून हसली. शरयूचे कान तापले. दीक्षाविधी म्हणजे कढी होती. तिनं भाषण गिळलं, माफी मागितली आणि उपरणं दोन्ही हातांनी पुढं केलं.

अप्पारावांनी ते मागं सारलं. "धुतलेलं आमच्यात बिलकुल चालत न्हाई. नवीन भावाला नवं घेऊ. हे ठिव तूच."

जे भाषणानं मिळवायचं होतं ते सोड्यानं मिळालं. दोघे गेल्यावर तिनं उपरणं नाकाशी धरलं. नीळ होती, खळ होती. बाबा कुठंच नव्हते; त्यांना तिनंच, दगडावर नीट घासून, काढून टाकलं होतं. तेरा दिवस शहाण्यासारखी वागलेली शरयू तिथंच जमिनीवर बसली आणि हमसून रडायला लागली.

आई शेजारी येऊन टेकली.

"रडायचं तर रड," ती म्हणाली. "पण तोंड त्याला पुसू नकोस. परत धुवावं लागेल."