राहू द्या

टॅला या आयरिश उपनगरातल्या आमच्या वसाहतीत एकतीस घरं आहेत आणि एक घोडी. घरं रस्त्याच्या दोन्ही अंगांना, घोडी रस्ता संपतो तिथल्या कुंपण घातलेल्या जमिनीच्या तुकड्यात. तिचं नाव बिडी. अंगावर काळेपांढरे मोठे डाग, खुरांवर केसांच्या झालरी, डावा डोळा गेलेला. तिचा मालक क्रिस्टी सत्तरीचा, म्हणजे माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. रोज नऊच्या सुमाराला तो तिला हलक्या दोनचाकी गाडीला जुंपतो आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. कुठे पोचायचं नसतं. चालवली नाही तर तिचे पाय धरतात.

आमच्या फाटकापाशी रस्त्याला चढ लागतो. बिडी तिथे हमखास थांबते आणि मोकळी होते.

दोन वर्षांपूर्वी मी नागपूरहून मुलाकडे राहायला आलो, तेव्हा या लिदीवरून वसाहतीत वाद चालू होता. माझी सून केतकी रहिवाशांच्या समितीची सेक्रेटरी, त्यामुळे तो रोज आमच्या जेवणाच्या टेबलावर येई.

"कुत्रेवाल्यांनी पिशवी घेऊन फिरायचं आणि घोडेवाल्यानं नाही, हा कुठला न्याय?" केतकी म्हणे.

"अगं, गवतच असतं ते. कुत्र्याचं वेगळं," माझा मुलगा अमोघ म्हणे.

"मग तू चाल त्यातून. ऑफिसचे बूट घालून."

"आणि तो म्हातारा भर रस्त्यात गाडीवरून उतरला, तर घोडी कोण धरणार?"

"ते त्यानं बघायचं. घोडी ठेवा म्हणून आपण सांगितलं होतं का?"

मला दोघांचंही पटे. मला नेहमीच दोघांचं पटतं. कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो तिथे ते खपून गेलं.

शेवटी समितीने क्रिस्टीला सांगितलं, रस्ता स्वच्छ ठेवा, आमची तक्रार राहणार नाही. तक्रार ही साधी गोष्ट नव्हती. बिडीचा तुकडा लांब दुसऱ्या गावी राहणाऱ्या एका माणसाच्या मालकीचा आहे. दर फेब्रुवारीत तो समितीला पत्र पाठवून विचारतो की घोडीबद्दल रहिवाशांचं काही म्हणणं आहे का. म्हणणं नसेल तर आणखी एक वर्ष. क्रिस्टी स्वतः एका खोलीत राहतो. तुकडा गेला तर म्हाताऱ्या, एका डोळ्याच्या घोडीला कोणी ठेवून घेणार नव्हतं. अशा घोड्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं.

क्रिस्टीने फावडं आणि बादली घेतली. पहिल्याच सकाळी त्याने आमच्या फाटकापाशी गाडी थांबवली, लगाम खांबाला अडकवला आणि कमरेवर हात ठेवून तो सावकाश उतरू लागला. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. अमोघ ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात, केतकी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नात पूर्वा शाळेत. एक वयस्कर माणूस आपल्या दारात वाकून लीद उचलतो आहे हे मला पाहवेना. मी पुढे झालो आणि म्हणालो, "लेट इट बी, लेट इट बी. आय विल सी."

म्हणजे, राहू द्या, मी बघतो. आपल्याकडे पाहुणा जेवून स्वतःचं ताट उचलायला लागला की आपण म्हणतो, राहू द्या, राहू द्या. पाहुणा ताट उचलतोच. ते म्हणायचं असतं, ऐकायचं नसतं. क्रिस्टीने ऐकलं. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, "यू आर ग्रँड," म्हणाला, फावडं परत अडकवलं आणि गेला.

संध्याकाळी मी पूर्वाला सांगितलं की आज एका गृहस्थाने मला थोर म्हटलं. ती सोफ्यावर लोळून हसली.

"आजोबा, नो! 'यू आर ग्रँड' म्हणजे, लाइक, इट्स फाइन. राहू दे. दॅट्स ऑल."

दुसऱ्या दिवशी क्रिस्टी थांबला नाही. टोपीला बोट लावून पुढे गेला. आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं झालं. मागच्या अंगणात केतकीने मला दोन वाफे दिले होते, आणि लायब्ररीतून आणलेल्या बागकामाच्या पुस्तकात लिहिलं होतं की घोड्याची लीद सहा महिने कुजवली तर तिच्यासारखं खत नाही. सव्वानऊला मी बादली घेऊन बाहेर पडे, साडेनऊला रस्ता कोरा. लीद शेडमागच्या झाकणाच्या पिंपात. घरी सांगितलं नाही. इथे आल्या आल्या मी शेजारच्या झाडाखाली पडलेली सफरचंदं वेचली होती, तेव्हा अमोघ हलक्या आवाजात म्हणाला होता, "बाबा, इथे लोक बघतात." ते माझ्या मनात राहिलं होतं.

मेथी जोमात आली. दुसऱ्या वर्षी लाल भोपळाही धरला. वसाहतीत क्रिस्टीचं कौतुक होऊ लागलं, माणूस शब्दाचा पक्का म्हणून. ते ऐकताना मला मजा वाटे. पहिल्या दिवशीचं ते 'राहू द्या' शिष्टाचाराचं होतं. नंतरच्या दोन वर्षांचं कशाचं होतं, याची मला खात्री देता येत नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला नागपूरला गेलो. आता तो फोनवरूनही देता येतो म्हणतात, पण आपण जिवंत आहोत हे बँकेतल्या माणसाने डोळ्यांनी पाहावं असं मला वाटतं. तिथे ताप आला आणि सात आठवडे गेले. निघताना क्रिस्टीला सांगून जावं, हे मला सुचलंच नाही.

जानेवारीत परतलो तेव्हा समोरच्या चौदा नंबरमधल्या विक्रांतचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. हा मुलगा मूळचा पुण्याचा, सायकलने ऑफिसला जाणारा. डिसेंबरात आमच्या फाटकासमोर घसरला.

"लीद म्हणजे पावसात लोणी असतं हो, काका," तो म्हणाला. "मनगटाचे दोन तुकडे. आता डाव्या हाताने कोड लिहितोय, तो माझ्या उजव्यापेक्षा बरा येतो म्हणतात ऑफिसात."

मी हसलो.

त्या आठवड्यात केतकीने माझ्यासमोर एक कागद ठेवला. "बाबा, तुमचं इंग्लिश पुस्तकातलं आहे. जरा बघता? जागेच्या मालकाला पाठवायचंय."

ते बिडीच्या तुकड्याबद्दलचं पत्र होतं. दोन वर्षं नीट वागलेल्या गृहस्थांनी आता दिलेला शब्द जाणूनबुजून मोडला आहे, एक रहिवासी जखमी झाला आहे, तरी जागेचा करार पुढे वाढवू नये. खाली सतरा सह्या. 'जाणूनबुजून' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. मी ते दुरुस्त केलं. एका ठिकाणी अर्धविराम घातला. कागद परत दिला.

बैठक गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये होती. मी एका कागदावर चार वाक्यं लिहून खिशात ठेवली होती. क्रिस्टी आला होता. मागे भिंतीला टेकून, टोपी हातात घेऊन उभा. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्याला कोणी बसा म्हटलं नाही. मीही नाही.

"दोन वर्षं तुम्ही रोज रस्ता साफ ठेवलात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग आताच काय झालं?"

"रस्ता साफ असायचा, खरं आहे," क्रिस्टी म्हणाला.

"मग बंद का केलंत?"

त्याने हॉलभर नजर फिरवली. ती माझ्यापाशी आली, थांबली आणि पुढे गेली. "त्यावर मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

माझा हात खिशातल्या कागदावर होता. चार वाक्यं होती. पहिलं 'आय ॲम सॉरी' असं सुरू होत होतं. मला वाटलं, आता आणखी कोणी बोलेल, मग मी बोलेन. कोणी बोललं नाही. पत्राच्या बाजूने हात वर झाले. विरोधात कोण, असं विचारलं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. केतकीने वहीत लिहिलं, विरोधात कोणी नाही. पत्र सोमवारी टाकायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी केतकीला सुट्टी होती. तिने चहा गाळला आणि मी सांगून टाकलं. सगळं, पिंपासकट. ती गाळणं हातात धरून उभीच राहिली.

"म्हणजे त्यांनी कधी उचललंच नाही?"

"ते उचलत होते. मी नको म्हटलं."

"आणि काल तुम्ही तिथं बसला होतात. माझ्या शेजारी."

"हो."

"बाबा, मी सेक्रेटरी आहे हो. ते पत्र तुम्ही तपासलंत! स्पेलिंग सुधारलंत त्यातलं!" तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "मला का नाही सांगितलं? लीद उचलली म्हणून मी तुम्हाला रागावले असते?"

ती खिडकीतून वाफ्यांकडे बघू लागली.

"सतरा सह्या आहेत," ती म्हणाली. "निम्म्याहून जास्त जणांनी मागे घेतल्या तर पत्र जाणार नाही. पण मी सांगणार नाही कोणाला. तुम्ही सांगा. एकेकाच्या दारात जाऊन."

नागपुरात पन्नास वर्षं राहून मी शेजाऱ्यांकडे विरजण मागायला गेलो नव्हतो. शनिवारी आणि रविवारी मिळून मी सतरा घंट्या वाजवल्या. पहिल्या दारात कागद वाचून दाखवला. तिसऱ्या दारापर्यंत तो पावसाने भिजला, मग तोंडानेच सांगितलं. काही जण हसले. एका बाईंनी मला आत बोलावून चहा दिला आणि सही मागे घेतली. एका गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, घोड्याच्या मालकाने घोड्याचं निस्तरावं, दुसरा कोणी निस्तरत होता म्हणून तो सुटत नाही. त्यांनी सही ठेवली. त्यांचं चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही.

विक्रांतकडे सर्वांत शेवटी गेलो.

"म्हणजे माझं मनगट तुमच्या मेथीपायी मोडलं म्हणायचं, काका?"

"तसंच म्हणावं लागेल."

त्याने प्लॅस्टरकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "सहा आठवडे मी त्या म्हाताऱ्याला शिव्या घालतोय," तो म्हणाला. "तोंडावरसुद्धा. तो नुसता 'सॉरी अबाउट युअर हँड' म्हणायचा." मग केतकीला मेसेज टाकायला त्याने फोन काढला आणि डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर दाबू लागला. मी निघालो तेव्हा त्याने 'या काका' म्हटलं नाही.

रविवारी संध्याकाळी अकरा नावांवर रेघ होती. केतकीने समितीला कळवलं आणि दुसरं पत्र लिहिलं. करार चालू राहावा, मात्र लीद मालकाने स्वतः, तिथल्या तिथे उचलावी. दुसऱ्या कोणी नाही. हे शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे न बघता वाचून दाखवलं. या खेपेला पत्र तपासायला तिने मला दिलं नाही.

सोमवारी मी घोडीच्या तुकड्यापर्यंत चालत गेलो. क्रिस्टी बिडीच्या खुरातला चिखल काढत होता. पत्राचं त्याला कळलं होतं. मी क्षमा मागितली आणि विचारलं, मी नव्हतो तेव्हा काय झालं.

"दोन-तीन दिवस वाटलं, तुम्ही आजारी असाल," तो म्हणाला. "एकदा दार वाजवलं. मग मीच उचलू लागलो. पण कंबर गेली आहे माझी. एकदा उतरलो की परत चढायला दहा मिनिटं. रोज जमलं नाही."

"मग बैठकीत का नाही सांगितलंत? मीच तुम्हाला नको म्हटलं होतं."

त्याने खूर खाली सोडला आणि हात पुसले. "तुम्ही तिथंच बसला होतात ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. जे दिसत होतं तेच सांगावं, तसं.

मी पुन्हा क्षमा मागितली.

"यू आर ग्रँड," तो म्हणाला आणि दुसरा खूर उचलला.

मंगळवारी नऊ वाजता बिडी चढापाशी येऊन थांबली. मी दारात होतो. समोरच्या दोन घरांचे पडदे बाजूला होते. क्रिस्टीने लगाम आमच्या खांबाला अडकवला, एक पाय खाली सोडला, चाकाला धरून थांबला, मग दुसरा. फावडं काढलं. वाकताना त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला. बादली भरायला त्याला तीन खेपा वाकावं लागलं, आणि प्रत्येक वेळी 'राहू द्या' माझ्या जिभेवर आलं. मी दाराची कडी धरून उभा राहिलो.

लीद त्याने स्वतःबरोबर नेली. परत गाडीत चढेपर्यंत बरीच मिनिटं गेली. मी घड्याळ पाहिलं नाही. जाताना त्याने टोपीला बोट लावलं. मी हात जोडले.