साहेबांच्या डब्याची वाहवा

साहेब निवृत्त झाले, तरी घरात साहेबच राहिले. ताटावर बसले की शेरा ठरलेला, मीठ कमी नाहीतर मीठ जास्त. 'छान झालंय' हे शब्द अख्ख्या संसारात बाईंच्या कानावर कधी पडले नाहीत. मग मधुमेहापाठोपाठ साहेबांची मूत्रपिंडंही कुरकुरू लागली, तेव्हा लेकीने फर्मान काढलं: आता आईच्या हातचं बंद. ज्याच्या-त्याच्या रिपोर्टप्रमाणे जेवण बनवून घरपोच देणारं एक स्वयंपाकघर आहे, तिथून डबा येईल. आईलाही तेवढाच आराम, असंही वर म्हणाली. आराम कसला डोंबलाचा!

पहिल्याच दिवशी तो उकडून, पाणी काढून टाकलेला फिक्कट कोबी साहेबांनी तोंडात घातली आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात स्वयंपाक."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण ही सुगरण, बघूच तरी, म्हणून त्या थेट तिथे जाऊन थडकल्या. मालकीणबाईंना मदतीला कुणीतरी हवंच होतं. मीठ अंदाजाने नाही, काट्यावर तोलून घालायचं; अंदाजाची एवढी एक सवय मोडली की काम तेच जन्मभराचं. बहिणीकडे जाते असं घरी सांगून बाई रोज तिकडे जाऊ लागल्या, आणि बघता बघता साहेबांचा डबा त्यांच्याच हातचा येऊ लागला.

साहेब मिटक्या मारत जेवत, सूपचीसुद्धा तारीफ करत. बाई समोर बसून चक्क लाजत. या वयात, बोला! पण तेवढ्याने त्यांचं मन भरेना. ती तारीफ त्यांना स्वतःच्या नावावर ऐकायची होती. शेवटी एका दुपारी त्यांना राहवलं नाही.

"अहो, हा डबा मीच करते. बरेच दिवस झाले."

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, घास सावकाश गिळला.

"तरीच म्हटलं, हल्ली याची चव का बिघडलीय."

बाईंना वाईट वाटलं, फार वाटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा डबा त्यांनी तिथल्या दुसऱ्या एकीकडे सोपवला आणि कुणा अनोळखी, एकट्या राहणाऱ्या आजोबांचा मागून घेतला. संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन आला. आजोबांचा निरोप होता, भाजी छान झाली होती, करणारीला आठवणीने सांगा.

बाईंनी तो निरोप मालकीणबाईंना पुन्हा एकदा सांगायला लावला.