घूंऽऽ करणारी गिटार

“काका, गिटार मला घाबरते का हो?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने विचारून टाकलं. त्या दोघी दुकानाच्या काचेबाहेर खिदळत होत्या. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “का गं? काय करते?”

“ॲम्पला जोडली की घूंऽऽ करते. तारांना हात लावला की चिडीचूप! शनिवारी शाळेत माझा सोलो आहे. बाई म्हणाल्या, हा भुंगा राहिला तर सोलो रद्द.”

“ट्यूबलाइट, वायरी, सगळ्यांच्या विजेचा गोंगाट हवेत असतो. तारांखालचं हे पिकअप तारांच्या आवाजाबरोबर तोही पकडतं. तुझ्या अंगातही तो भरलेला असतो. हात लावलास की अर्थिंगमधून निघून जातो.”

“म्हणजे भुंगा मीच?”

“थोडीशी.”

सगळं तिच्या डोक्यावरून गेलं.

काकांनी गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवली, पिकअपलाही गुंडाळली आणि अर्थिंगला जोडली. भुंगा जवळजवळ गेला. तिने खुशीत वाजवलं, आणि तिचं तोंड उतरलं.

“हिला पांघरूण घातलंत का? आवाजाची धार कुठे गेली?”

“शांतता हवी होती ना?”

“हो. नाही. म्हणजे, धारही हवीच!”

“आधी ठरव, पोरी.”

काकांनी पिकअपवरची पट्टी सोडवली, पोटातली तशीच ठेवली. धार परतली, पण मागोमाग बारीक घूंऽऽ. वैतागून ती मैत्रिणींकडे वळली, तर घूं गायब! परत वळली, तर हजर.

“आता हिला काय झालं?”

“हा वायरींतून येणारा चुंबकीय गोंगाट. मघाशी धारेबरोबर तोही दबला होता. त्याला पोटातली पट्टी अडवत नाही, गिटारची दिशा बदलली की तो कमी होतो.”

“गोंगाटातही जाती? मग पट्टी कशाला लावली?”

“दुसऱ्या गोंगाटासाठी.”

ती आणखीच गोंधळली. पण एवढं कळलं, की वळायचं.

दुसऱ्या दिवशी तालमीत ती स्टेजवर भोवऱ्यासारखी गरगर फिरली. डाव्या भिंतीकडे तोंड केल्यावर घूं थांबलं. बाईंनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “सोलो पक्का.”

संध्याकाळी बाबा ऐटीत सांगत होते, की पहिल्या रांगेतल्या मधोमध खुर्च्या मिळाल्यात, तिचा चेहरा नीट दिसेल.

“आई, बाबा, मी ठरवलंय. मी भिंतीकडे तोंड करून वाजवणार.”

“अगं बाई! गेल्या वर्षी लाजून सगळ्यांच्या मागे लपलीस, आता पुन्हा तेच?” आईने कपाळाला हात लावला.

“लाजून नाही गं! तिथेच गिटारचा भुंगा गप्प बसतो. का, ते मला अजून धड कळलं नाहीये. पण धार मी सोडणार नाही, सोलोही नाही. तुम्ही त्या भिंतीकडच्या टोकाच्या खुर्च्या घ्या, चेहरा दिसेल!”